काव्य आणि दुःखनिवारण : तुकोबांच्या साक्षीची छाननी

काव्य लिहिल्यानें दुःख हलकें होतें, हें वाक्य अलीकडे इतक्या वेळां आणि इतक्या सहजपणें लिहिलें जातें कीं, त्यास पुरावा मागावा असें कोणास सुचत नाहीं. व्याख्यानांतून, दिवाळी अंकांतून, नव्या कवींच्या संग्रहांस जोडलेल्या प्रस्तावनांतून तें आढळतें; आणि त्याच्या समर्थनार्थ तुकोबांचें नांव हटकून घेतलें जातें. दुष्काळांत बायको गेली, मूल गेलें, दुकान बुडालें, आणि त्या शोकांतून अभंग उसळले, अशी ही हकीकत थोडक्यांत सांगण्याचा प्रघात आहे. आमचें म्हणणें असें कीं, या हकीकतींतील घटना खऱ्या असल्या तरी त्यांची जुळणी उतावीळपणाची आहे; मधले टप्पे गाळले जातात, आणि नेमका अर्थ त्या मधल्या टप्प्यांतच आहे. एखाद्या पत्राची मिति वर्षभर मागेंपुढें सरकली तर कार्य कोणतें व कारण कोणतें हें उलटें होऊन बसतें, हा अनुभव या त्रैमासिकाच्या वाचकांस नित्याचा आहे. तोच न्याय काव्याच्या साक्षीस लावून पाहावा, एवढा या लेखाचा उद्देश.

प्रथम शास्त्राकडे पाहूं. अकराव्या शतकांतील काश्मीरी आलंकारिक मम्मट यानें काव्यप्रकाशाच्या आरंभींच काव्याचीं सहा प्रयोजनें गणिलीं आहेत : कीर्ति, धनलाभ, लोकव्यवहाराचें ज्ञान, अमंगळाचा नाश, तत्काळ लाभणारा परमानंद, आणि प्रिय पत्नीनें करावा तशा गोड रीतीनें केलेला उपदेश. यांपैकीं चौथें प्रयोजन प्रस्तुत विषयाचें आहे. त्याचें उदाहरण म्हणून मम्मट मयूर कवीचें नांव घेतो. मयूर हा हर्षाच्या काळचा, म्हणजे सातव्या शतकांतला. त्यास कुष्ठ झालें, त्यानें सूर्यशतक रचलें आणि तो बरा झाला, ही गोष्ट संस्कृत शिकलेल्या बहुतेकांनीं गुरुमुखांतून ऐकलेली असते. परंतु मूळ शतक हातीं घेऊन वाचलें तर काय आढळतें? सहाव्या श्लोकांत, नाक, पाय, हात झडलेल्या रोग्यांस सूर्य पुनः सर्वांगपूर्ण करतो असें वर्णन आहे. तो रोगी स्वतः कवि होय, असें तो श्लोक म्हणत नाहीं. शाप, कुष्ठ, सूर्याचें दर्शन इत्यादि तपशिलासह ही आख्यायिका भेटते ती मयूरानंतर सहाशेंहून अधिक वर्षांनीं लिहिल्या गेलेल्या जैन प्रबंधग्रंथांत. गोष्टीमुळें श्लोकाकडे लक्ष गेलें कीं श्लोकावरून गोष्ट निघाली, याचा निर्णय काव्याच्या अंतर्गत पुराव्यावरून करितां येत नाहीं. न्यायाच्या भाषेंत बोलावयाचें तर मयूराची साक्ष ही ऐकीव साक्ष होय.

याहून बळकट साक्ष केरळांतली आहे. मेल्पत्तूर नारायण भट्टतिरि हा प्रक्रियासर्वस्व या व्याकरणग्रंथाचा कर्ता. वातव्याधीनें जखडलेल्या अवस्थेंत त्यानें गुरुवायूरच्या मंदिरांत नारायणीय हें स्तोत्रकाव्य रचलें. भागवताचें सार सांगणारीं शंभर दशकें, मिळून हजारांहून अधिक श्लोक. दररोज एक दशक याप्रमाणें शंभर दिवस हें काम चाललें, असें परंपरा सांगते. येथें रोगाची गोष्ट काव्याबाहेरून चिकटविलेली नाहीं; दशकांच्या शेवटीं कवि वारंवार रोगमुक्तीची प्रार्थना करतो. शिवाय ग्रंथाच्या अखेरीस येणारा 'आयुरारोग्यसौख्य' हा शब्द नुसता आशीर्वाद नसून कालदर्शक आहे. कटपयादि पद्धतीनें त्याच्या सात अक्षरांचे अंक अनुक्रमें ०, १, २, २, १, ७, १ असे येतात. ते रीतीप्रमाणें उलट मांडले म्हणजे कलियुगाच्या आरंभापासून लोटलेले १७१२२१० दिवस निघतात. ही तारीख जुन्या गणनेप्रमाणें इ. स. १५८६ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीची होय. दीर्घायुष्य, आरोग्य आणि सुख यांची प्रार्थना आणि काम पुरें झाल्याचा दिनांक हीं दोन्ही एकाच शब्दांत बसविणारा हा मनुष्य केवळ शोकाच्या लोटांत वाहत चालला नव्हता, हें उघड आहे. त्याची व्याधि किती हटली याचा निवाडा वैद्यांनीं करावा. आम्हांस दिसतें तें एवढेंच कीं, ज्यास हातपाय हलविणें कठीण झालें होतें त्यानें स्वतःस रोजचें काम नेमून दिलें आणि तें पूर्णतेस नेलें. 'नेम' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें प्रयोजन आहे.

कोणी म्हणेल, आदिकवीचा दाखला तर याच्या उलट आहे. तेथें शोकापासूनच श्लोक जन्मला. परंतु बालकांडांतील ती कथा नीट वाचावी. व्याधानें क्रौंच मारिला, क्रौंची आक्रंदूं लागली, आणि वाल्मीकींच्या मुखांतून छंदोबद्ध वाणी निघाली. येथवर सर्वांस पाठ असतें. त्या वाणीनें वाल्मीकींचें समाधान मात्र झालें नाहीं. आपण हें काय बोललों, या विचारांत ते आश्रमास परतले आणि तेथेंहि त्याच चिंतेंत बसून राहिले. त्यानंतर ब्रह्मदेव आले, आणि याच छंदांत रामचरित गा, अशी आज्ञा त्यांनीं केली. म्हणजे शोकानें दिला तो एक श्लोक. परंपरा ज्यांची संख्या चोवीस हजार सांगते ते श्लोक आले नेमून दिलेल्या कार्यांतून. शोक हा काव्याचा आरंभ असूं शकेल. शोकाकुलास सावरून धरतें तें पुढचें काम.

या दोन दाखल्यांच्या प्रकाशांत आतां तुकोबांची साक्ष तपासूं. देहूच्या मोऱ्यांच्या घरीं वाण्याचा व्यापार, गांवची महाजनकी आणि पिढीजाद विठ्ठलमंदिर होतें. आईबाप गेले; पाठोपाठ दुष्काळ आला. इ. स. १६३० ते १६३२ चा हा दुष्काळ गुजराथ आणि दख्खन या दोन्ही प्रांतांस ग्रासून राहिला. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी यानें बादशहानाम्यांत त्याचें वर्णन केलें आहे; आणि पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यानें १६३० च्या अखेरीस सुरतेहून आग्र्यास जातांना वाटेंत पाहिलेली दुर्दशा लिहून ठेविली आहे. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव यानें पुणें उद्ध्वस्त केलें. तुकोबांच्या दुःखास याप्रमाणें बाहेरचा, फारसी आणि इंग्रजी, असा दुहेरी पुरावा आहे. त्यासाठीं चरित्रकारांच्या भाविकतेवर अवलंबून राहावें लागत नाहीं.

दुःखापासून काव्यापर्यंतची वाट मात्र तुकोबांनीं स्वतःच सांगितली आहे. संतांनीं विचारिलें म्हणून सांगतों, एरवीं हें सांगणें उचित नव्हे, अशा संकोचानें आरंभ होणारा त्यांचा आत्मचरित्रपर अभंग प्रसिद्ध आहे. त्यांतील क्रम आमच्या शब्दांत असा : जात आणि व्यवसाय, आईबापांचा मृत्यु, दुष्काळानें द्रव्य आणि मान यांचा नाश, अन्नाविना स्त्रीचा मृत्यु, लोकांपुढें वाटलेली लाज, धंद्याची बसलेली घडी मोडणें. येथें शोकाची परिसीमा झाली. यापुढें लगेच काव्य येईल अशी आपली अपेक्षा असते. तें येत नाहीं. पुढें येतें तें पडक्या देवळाचें काम. मग एकादशीचें कीर्तन. तेंहि प्रारंभीं मन न लागतां. मग पूर्वीच्या संतांचीं कांहीं वचनें श्रद्धेनें पाठ करणें. मग दुसरे पुढें गात असतां मागें उभें राहून ध्रुपद धरणें. मग संतांची सेवा, अंग झिजवून जमेल तसा परोपकार, सोयऱ्यांच्या बोलण्याकडे दुर्लक्ष, बहुमतापेक्षां आपल्या मनाची ग्वाही प्रमाण मानणें, आणि स्वप्नांत झालेला गुरूपदेश. या साऱ्यानंतर कवित्वाची स्फूर्ति येते. गुरूपदेशाची तिथि आणि वार दुसऱ्या एका अभंगांत दिलेला आहे, माघ शुद्ध दशमी, गुरुवार. शक मात्र दिलेला नाहीं, आणि म्हणून विद्वानांचीं गणितें आजवर निरनिराळीं आलीं आहेत. दुष्काळ आणि स्फूर्ति यांमध्यें वर्षें किती गेलीं यावर वाद होवो. मधल्या पायऱ्यांविषयीं कवीनें संशय ठेविलेला नाहीं.

या पायऱ्यांचें स्वरूप पाहण्यासारखें आहे. त्यांपैकीं एकहि आत्माविष्काराची नाहीं. देऊळ दुसऱ्यांनीं बांधलेलें, वचनें दुसऱ्यांचीं, आवाजांत आवाज मिळवावयाचा तोहि दुसऱ्यांच्या. स्वतःचें म्हणून जें होतें तें दुष्काळानें नेलें होतें. त्या रिकाम्या जागीं तुकोबांनीं आपला शोक न मांडतां परक्याचा शब्द आणून ठेविला. स्वतःचा शब्द आला तोहि आज्ञेच्या रूपानें. नामदेव पांडुरंगासह स्वप्नांत आले आणि आपण योजिलेली अभंगांची संख्या अपुरी राहिली आहे ती तूं पुरी कर, असें त्यांनीं सांगितलें, असा तुकोबांचा अभंग आहे. बालकांडांत ब्रह्मदेवाचें जें स्थान तेंच येथें नामदेवांचें. अडीच-तीन शतकांपूर्वीं होऊन गेलेल्या कवीचें अपुरें काम आपल्याकडे आलें आहे, ही जाणीव बुडालेल्या वाण्याच्या जिण्यास अर्थ देऊन गेली. आमच्या मतें तुकोबांच्या दुःखावर उतारा पडला तो या ठिकाणीं.

हा उतारा किती खोल गेला होता याचें माप घेण्यास एक साधन आहे, आणि तें कागदांचें असल्यानें संग्राहकांस विशेष रुचेल. इंद्रायणीनें तुकोबांचे कागद दोनदां घेतले. पहिल्या वेळीं ते कर्जखतांचे होते : धाकटा भाऊ कान्होबा याचा वांटा त्यास देऊन आपल्या वांट्याचीं खतें तुकोबांनीं नदींत सोडलीं, असें महीपति सांगतो. दुसऱ्या वेळीं त्या अभंगांच्या वह्या होत्या. दोन प्रसंगांच्या पुराव्याचें वजन सारखें नाहीं, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. महीपतीचें भक्तलीलामृत शके १६९६ चें, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर सवाशें वर्षांनीं पुरें झालेलें. वह्या बुडविल्याचा उल्लेख मात्र तुकोबांच्या स्वतःच्या आत्मचरित्रपर अभंगांत आहे, आणि त्यांच्या शिष्या बहिणाबाई यांच्या रचनेंतहि आहे. परंतु पहिला प्रसंग केवळ परंपरा म्हणून धरिला तरी तुलना बोधप्रद होते. खतें गेलीं त्याचा शोक नाहीं. परंपरेनें तो प्रसंग मोकळें होण्याचा म्हणूनच जपला. वह्या गेल्या तेव्हां मात्र हा मनुष्य धरणें धरून बसला, आणि निषेधाच्या आघातानें मन दुःखी झालें असें स्वतः म्हणाला. दुष्काळांत द्रव्य गमावून खचलेला वाणी नदीकांठीं वह्यांसाठीं प्राण पणास लावतो. मनुष्याच्या जीवाचा ठेवा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं हलल्याचा याहून स्पष्ट दाखला आम्हांस ठाऊक नाहीं. त्याबरोबर दुसरी गोष्टहि ध्यानांत येते. काव्यानें तुकोबांस दुःखमुक्त केलें असें नाहीं. त्यांस नवें दुःख दिलें. फरक इतकाच कीं, पहिल्या दुःखानें त्यांस जगण्याची लाज वाटली, आणि दुसऱ्या दुःखांत त्यांस आपण कशासाठीं जगतों हें ठाऊक होतें.

येथें एक आक्षेप येईल. कवीनें कीर्ति झाल्यावर मागें वळून सांगितलेली ही हकीकत. तींत क्रम सोयीनें लावलेला नसेल कशावरून? आक्षेप रास्त आहे. त्यास उत्तर पाठचिकित्सेच्या नियमानेंच द्यावें. दोन पाठांपैकीं जो लेखकूस सहज सुचण्याजोगा नाहीं तो अधिक विश्वसनीय, असें आपण मानतों. मागाहून रचलेल्या हकीकतींत शोकानंतर चमत्कार आणि चमत्कारानंतर काव्य, असा सुटसुटीत क्रम आला असता. पुढील चरित्रकारांच्या कथनाचा ओढा त्याच दिशेस आहे. कीर्तनांत प्रथम मन लागत नव्हतें, मागें उभें राहून ध्रुपद धरीत होतों, हे तपशील कीर्ति वाढविणारे नव्हेत. ते तेथें आहेत, कारण ते घडले.

या क्रमास दुसऱ्या व्यक्तीचा आधारहि मिळतो. बहिणाबाई शके १५५० मध्यें वेरुळाजवळील देवगांवीं जन्मल्या. पुढें त्यांचें नांव शिऊरशीं जोडलें गेलें. त्यांचें आत्मनिवेदन हें मराठींतील स्त्रीनें सांगितलेल्या आत्मकथेचें जुनें आणि अमोल उदाहरण आहे. पतीचा मार, घराबाहेर पडलेलें कुटुंब, कोल्हापुरांतील वास, जीव लावलेल्या वांसराचा मृत्यु, हें सारें त्यांत आहे. या मुलीस प्रथम काय सांपडलें? जयरामस्वामींच्या कीर्तनांत ऐकलेलीं तुकोबांचीं पदें. तीं मनांत घोळत राहिलीं, मग तुकोबांचें स्वप्नदर्शन झालें, आणि स्वतःची वाणी त्यामागून आली. नामदेव आणि तुकोबा यांमधला संबंध तुकोबा आणि बहिणाबाई यांमध्यें पुनः घडला : आधीं दुसऱ्याचा शब्द, मग आज्ञा किंवा अनुग्रह, मग आपला शब्द. तुकोबांच्या वह्या बुडविण्यास कारण झालेले वाघोलीचे रामेश्वर भट यांच्या अंगाचा दाह तुकोबांच्या अभंगानें शमला, अशीहि कथा आहे. ती चरित्रकारांची म्हणून बाजूस ठेवूं. परंतु रामेश्वरांनीं पुढें तुकोबांची आरती व स्तुतिपर अभंग रचले, ही कथा नव्हे. द्वेषाचा दाह शमल्याचा तो स्वहस्ताचा कबुलीजबाब समजावा.

आधुनिक मानसशास्त्रानेंहि या विषयास हात घातला आहे. अमेरिकेंतील जेम्स पेनबेकर आणि सॅन्ड्रा बील यांनीं १९८६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांस आपल्या आयुष्यांतील आघाताविषयीं सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटें लिहावयास सांगितलें. घटना आणि तिच्या भावना या दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढील महिन्यांतील आजारपणाच्या खेपा कमी भरल्या. प्रयोग महत्त्वाचा आहे, आणि त्यास आमचा विरोध नाहीं. पण तेथें लेखन गद्य, खासगी, आणि स्वतःच्या आघातापुरतें होतें. तुकोबांचें लेखन वृत्तबद्ध, चारचौघांत गावयाचें, आणि एका परंपरेचें राहिलेलें देणें फेडणारें होतें. पहिल्यानें मनावरचा भार उतरतो असें म्हणतां येईल. दुसऱ्यानें दुसरा भार खांद्यावर घेण्याचें बळ येतें. दोन्हींस एकच नांव देणाऱ्यांनीं हा भेद पाहावा.

या विवेचनाचा संग्राहकांच्या व्यवहाराशीं काय संबंध, असें विचारलें जाईल. संबंध निकटचा आहे. इंदुप्रकाश छापखान्यांतून १८६९ आणि १८७३ मध्यें सरकारी साह्यानें निघालेल्या गाथेंत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. तुकोबांचे टाळकरी आणि लेखक संताजी जगनाडे यांच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनीं १९१९-२० मध्यें छापलेल्या गाथेंत ते सुमारें तेराशें. कोणते अभंग अस्सल, हा वाद पुष्कळ झाला आणि व्हावयास हवा. परंतु संताजी तेली हे कांहीं पंडित नव्हते; ते तुकोबांच्या मागें उभे राहून ध्रुपद धरणारे होते, आणि त्यांनीं दुसऱ्याचा शब्द उतरून घेतला. म्हणजे जी पायरी तुकोबा पूर्वीं चढले तिच्यावर संताजी उभे होते. ही पायरी महाराष्ट्रांत घरोघर होती. तिचा दाखला म्हणजे जीं बाडें आपण यादी करतांना 'संकीर्ण, कर्त्याचें नांव नाहीं, अशुद्ध' असा शेरा मारून बाजूस टाकतों तीं. एका पानावर नामदेवांचे चार अभंग, पुढें कोणाची भूपाळी, मध्यें उधारीचा हिशेब, मग कोणा घरच्याच माणसानें जुळविलेलें, मात्रा चुकलेलें पद. वाङ्मय म्हणून त्या पदाची किंमत अल्प असेल. परंतु दुःखानें मोडलेलें माणूस दुसऱ्याच्या शब्दांतून आपल्या शब्दाकडे कसें गेलें, याची वाट अशा बाडांच्या पानांच्या क्रमांतच उमटलेली असते. शुद्ध प्रतींत ती पुसली जाते.

जें लिहिलेंच गेलें नाहीं त्याचें काय होतें, हेंहि आपल्या डोळ्यांपुढें आहे. खानदेशांतील बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांस लिहितां येत नव्हतें. त्या तिशींत विधवा झाल्या. शेतांत आणि जात्यावर काम करतां करतां ओव्या रचीत राहिल्या. मुलानें व एका आप्तानें त्यांतल्या कांहीं टिपून ठेविल्या, म्हणून १९५२ मध्यें, त्यांच्या मृत्यूनंतर, त्या ग्रंथरूप झाल्या. बाकीच्या वाऱ्यावर गेल्या. त्यांच्यापुरतें काव्याचें काम रचतांना आणि गातांनाच पुरें झालें होतें. परंतु आपणांस त्याची साक्ष उरली ती केवळ टिपणाऱ्यांच्या हातामुळें.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बाड हातीं आलें म्हणजे कर्ता आणि शक यांच्याबरोबर आणखी तीन गोष्टींची नोंद करावी : हस्ताक्षरें किती व तीं कोठें बदलतात, दुसऱ्यांचीं पदें आणि घरची रचना कोणत्या क्रमानें येतात, आणि मध्यें कोणते हिशेब, जन्ममृत्यूच्या मित्या किंवा खाडाखोड आहे. सुटीं पानें शिवतांना मूळचा क्रम मोडूं नये, आणि चांगलें पद तेवढें काढून बाकीचें रद्दींत देऊं नये. काव्यानें दुःख निवारतें किंवा नाहीं, याचा निकाल प्रस्तावनांतून लागावयाचा नाहीं. त्याचे कागद अद्याप माळ्यांवर आणि देव्हाऱ्यांच्या खणांत पडून आहेत, आणि ते वाचावयाचे राहिले आहेत.